चोरट्या तबकड्यांचा धसका आणि रॉकचे लाइव्ह अल्बम

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोठमोठ्या रॉक बँडचे लाइव्ह अल्बम एकापाठोपाठ एक बाजारात आले. त्यामागे कलाकारांची हौस होतीच, पण चोरट्या तबकड्यांचा धसकाही तितकाच होता.

१९६९च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाने बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची तबकडी हातोहात खपली. कव्हर कोरं, कंपनीचा पत्ता नाही. पाठोपाठ रोलिंग स्टोन्सच्या ऑकलंडमधल्या ९ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची चोरटी तबकडी निघाली आणि तिच्या आवाजाचं कौतुकही झालं. कायदाही लंगडा होता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला कॉपीराइटचं संरक्षण मिळालं ते १५ फेब्रुवारी १९७२पासून. लोकांना स्टेजवरचं कच्चं, लांबलचक वादन हवं आहे, हे कंपन्यांना या चोरांमुळे कळलं. स्टोन्सनी न्यूयॉर्क आणि बाल्टिमोरमधल्या मुद्रणांचा अधिकृत अल्बम सप्टेंबर १९७०मध्ये काढला, पण त्याआधीच ‘द हू’ने बाजी मारली होती.

‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड याच्याकडे १९६९च्या अमेरिका दौऱ्याच्या टेपचा ढीग साठला होता. तो ऐकत बसायची त्याची तयारी नव्हती. त्याने त्या टेप चक्क जाळून टाकायला सांगितल्या आणि खास मुद्रणासाठी दोन कार्यक्रम ठरवले : १४ फेब्रुवारी १९७०ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात, दुसऱ्या दिवशी हल शहरात. हलच्या टेपवर सुरुवातीच्या गाण्यांतली बास गिटार नीट उतरली नाही, म्हणून लीड्सची निवड झाली. ‘लाइव्ह ॲट लीड्स’चं कव्हर मुद्दाम बुटलेगसारखं, म्हणजे चोरट्या तबकडीसारखं, केलं : साधं तपकिरी, वर शिक्का मारल्यासारखं नाव. आत वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या कराराची नक्कल आणि असेच जुने कागद. तबकडीवरच्या लेबलवर हाताने लिहिलेली सूचनाही होती, की खरखर ऐकू आली तरी ती ठीक आहे, दुरुस्त करू नये. मूळ एलपीवर फक्त सहा गाणी होती. तरीही चौघांच्या वादनातला तो धसमुसळा जोर स्टुडिओत कधीच पकडता आला नव्हता, असं मला ठामपणे वाटतं.

पुढे पायंडाच पडला. ऑलमन ब्रदर्सनी मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मुद्रण केलं. टॉम डाउडने तयार केलेल्या त्या जोड-एलपीची अख्खी चौथी बाजू तेवीस मिनिटांच्या एकाच गाण्याला दिली आहे. अल्बम जुलैत आला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन मोटारसायकल अपघातात गेला. डीप पर्पलला तर लाइव्ह अल्बमची फारशी हौसच नव्हती. जपानी कंपनीच्या आग्रहाखातर ऑगस्ट १९७२मध्ये ओसाका आणि टोकियोतले तीन कार्यक्रम ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकवर मुद्रित केले. रेकॉर्ड फक्त जपानपुरती असणार होती, पण ‘मेड इन जपान’ जगभर गेली.

बँडच्या कारकिर्दीचा आढावा घेणाऱ्या संग्रहांमागेही चोर होतेच. बीटल्स फुटल्यानंतर त्यांच्या गाण्यांचा ‘अल्फा ओमेगा’ नावाचा बेकायदा संच अमेरिकेत उघडउघड टीव्हीवर जाहिरात करून विकला जाऊ लागला. त्याला शह म्हणून एप्रिल १९७३मध्ये लाल आणि निळे असे दोन अधिकृत जोड-अल्बम आले : १९६२–१९६६ आणि १९६७–१९७०. दोन्ही कव्हरवर लंडनच्या ईएमआय इमारतीचा तोच जिना, तोच छायाचित्रकार अँगस मॅकबीन. एकावर १९६३मधली चार गुळगुळीत पोरं, दुसऱ्यावर १९६९मधले केसाळ बाप्ये. कितीतरी जणांची बीटल्सशी पहिली ओळख याच दोन संचांनी करून दिली. नोव्हेंबर २०२३मध्ये ते वाढीव गाण्यांसह पुन्हा निघाले आणि निळ्या संचात ‘नाऊ अँड देन’ हे नवं गाणंही घेतलं गेलं.