मार्गदर्शक परिचारिका पद्धती

परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी वॉर्डमधील प्रत्यक्ष कामात, एका अनुभवी परिचारिकेच्या सोबतीने शिकण्याची पद्धती. पर्यवेक्षक काम नीट झाले का ते पाहतो. मार्गदर्शक परिचारिका काम करता करता आपला विचार बोलून दाखवते.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) नाशिकला, म्हसरूळ येथे आहे. त्याचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम चार वर्षांचा; विद्यापीठाबाहेरची जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही पदविका तीन वर्षांची. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असला, तरी एक शिक्षक एकाच वेळी दहा खाटांपाशी उभा राहू शकत नाही. तेव्हा खरे शिक्षण ड्युटीवरच्या सिस्टरच्या हाती येते.

द्राक्षबागांच्या या जिल्ह्यातले उदाहरण कीटकनाशकाच्या विषबाधेचे घेता येईल. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशक गटाच्या विषबाधेची लक्षणे पुस्तकात असतात : डोळ्यांच्या बारीक बाहुल्या, लाळ, घाम, छातीत साठलेला स्राव. ॲट्रोपिन हा उतारा सुरू झाल्यावर नवखी मुलगी बाहुल्यांवरच नजर ठेवते. शेजारची सिस्टर म्हणते, “नुसत्या बाहुल्यांवर जाऊ नकोस गं. स्टेथो लाव, छाती कोरडी झाली का ऐक, मग नाडी मोज.” पुढे रुग्ण बरळू लागला, अंग तापले, तर ॲट्रोपिन जास्त होत असेल ही शंका घेऊन डॉक्टरांना लगेच कळवायचे, हेही तिथेच समजते. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडच्या आईशी तिच्या बोलीत कसे बोलावे, हे तर कोणत्याच पुस्तकात नाही.

अमेरिकन परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियम धरून चालते. तज्ज्ञ परिचारिकेला परिस्थिती एकदम उमगते, पण कशावरून उमगली ते सांगणे तिलाही अवघड जाते. बोलून दाखवण्याची सवय म्हणूनच मोलाची. शिकण्याच्या प्रक्रियेचे अभ्यासक लेव्ह आणि वेंगर (१९९१) यांच्या मते, कामाच्या कडेने सुरुवात करून हळूहळू मध्यभागी येणे हेच शिकणे होय.

मोठा अडथळा वेळेचा. भरलेल्या वॉर्डात विद्यार्थिनी म्हणजे रजिस्टर भरायला जादा हात, असे होऊन बसते. हे तिच्यावर अन्यायाचे आहे आणि रुग्णावरही. दुसरा दोष सूक्ष्म आहे. शिकवणारीच गुण देणार असेल, तर मुलगी चूक लपवते. ब्रिटनच्या परिचर्या नियामक परिषदेने २०१८ च्या मानकांत ही दोन कामे वेगळ्या व्यक्तींकडे दिली. सिस्टरने शिकवावे आणि मूल्यमापन पाठ्यनिर्देशिकेने (परिचर्येच्या शिक्षिकेने) करावे, ही वाटणी नाशिकच्या वॉर्डांतही करता येण्याजोगी आहे.