गोळीची ओळख, औषधी

वेष्टनापासून सुटलेली, नाव व मात्रा अज्ञात असलेली औषधी गोळी वा कॅप्सूल तिचा आकार, रंग, लेप, विभाजनरेषा आणि पृष्ठभागावरील ठसा यांवरून ओळखण्याची पद्धती.

गोळीवर ठसा उमटवण्याचा आरंभ काही लेखक ग्रीसमधील लेम्नॉस बेटाच्या मुद्रांकित औषधी मातीपर्यंत मागे नेतात. या मातीच्या वड्यांत बोकडाचे रक्त मिसळत व त्यांवर बोकडाची मुद्रा असे, असे ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ (इ. स. पहिले शतक) सांगतो. पुढील शतकात ग्रीक वैद्य गेलेन स्वतः त्या बेटावर गेला होता. त्याने रक्ताची गोष्ट नाकारली असून मुद्रा आर्टेमिस देवतेची असल्याचे म्हटले आहे; प्रत्यक्ष पाहणीमुळे त्याचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. तथापि ती मुद्रा मातीचे मूळ स्थान सांगे, मात्रा नव्हे. म्हणून आजच्या अर्थाने या पद्धतीची सुरुवात दाबयंत्राच्या गोळ्यांपासून, म्हणजे विल्यम ब्रॉकडन यांच्या १८४३ च्या इंग्लंडमधील एकस्वानंतर (पेटंटनंतर), धरणे उचित ठरेल. साच्याच्या ठोकळ्यावर कोरलेली अक्षरे दाबाबरोबरच गोळीत उतरतात. कॅप्सूलवर ती खाद्य शाईने छापतात.

अमेरिकेत १९९३ च्या नियमाने बहुतेक तोंडी घन औषधांवर उत्पादक व औषध ओळखता येईल असा संकेत आवश्यक केला. त्यामुळे तेथे केवळ ठशावरून औषध शोधून काढता येते. भारतात औषध नियम, १९४५ प्रमाणे नाव, बॅच क्रमांक, मुदत व उत्पादक यांची नोंद वेष्टनावर असते. गोळीवर संकेत सक्तीचा नाही. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या रंगांत काढतात, आणि बिनठशाच्या पांढऱ्या गोल गोळ्या तर असंख्य आहेत. शासकीय लोह-फॉलिक आम्ल गोळ्या हा अपवाद होय : ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी, किशोरवयीनांसाठी निळी, गरोदर स्त्रियांसाठी लाल.

कोल्हापुरात हा प्रश्न मुख्यतः पुडीतल्या सुट्या गोळ्यांमुळे आणि कात्रीने कापलेल्या पट्टीमुळे उद्‌भवतो. नाव, बॅच व मुदत पट्टीच्या एकाच कडेला छापलेली असल्यास उरलेला तुकडा निनावी होतो. थोरला दवाखाना म्हणून परिचित असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात कोकणातून व सीमाभागातून येणाऱ्या रुग्णांनी गोळीचे वर्णन ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढेच केले, तर त्यावरून औषध ठरत नाही. जुनी चिठ्ठी किंवा रिकामी पट्टी अधिक उपयोगी पडते. विषबाधेच्या शंकेत ओळख पटेपर्यंत उपचार थांबवत नाहीत.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. तोही वेष्टनासोबतच राहतो. खात्रीची ओळख प्रयोगशाळेत, वर्णलेखन (क्रोमॅटोग्राफी) वा अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटाच्या साहाय्याने होते.