अणुकेंद्रीय विखंडनाची प्रारूपे आणि जैववैद्यक संशोधन : बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात

जड अणुकेंद्र (केंद्रक) दुभंगताना नेमके काय घडते याची गणिताने केलेली मांडणी म्हणजे विखंडनाचे प्रारूप. या प्रारूपांसाठी घडवलेली गणिती साधने आणि विखंडनातून मिळणारी किरणोत्सर्गी समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) यांच्यामुळे हा विषय जीवशास्त्राशी आणि वैद्यकाशी जोडला गेला आहे. ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून दूरची वाटली, तरी बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, कारवार या मराठी भाषकांच्या सीमाभागात दोन्ही जवळ आलेली दिसतात. कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी कैगा येथे विखंडनावर चालणारे वीजकेंद्र आहे, बैलहोंगल तालुक्यातील देशनूर परिसरात कलादगी खोऱ्याच्या खडकांत युरेनियमचे साठे आढळले आहेत, आणि बेळगाव शहरात १९६३ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जगभर दखल घेतले गेलेले वैद्यकीय संशोधन केले आहे.

विखंडनाला इंग्रजीत ‘फिशन’ म्हणतात, आणि हा शब्दच मुळात जीवशास्त्रातून आला. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडले. त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी लावला : युरेनियमचे केंद्रक दोन तुकड्यांत फुटले होते. या घटनेला नाव शोधताना फ्रिश यांनी कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या विल्यम आर्नल्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाला विचारले, की एका जीवाणूचे दोन होतात त्याला तुम्ही काय म्हणता? आर्नल्ड यांनी सांगितलेला शब्दच फ्रिश यांनी भौतिकीत आणला. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत केंद्रकाचे ‘विखंडन’ होते आणि अमीबाचे ‘द्विविभाजन’, त्यामुळे हे नाते मराठीत झाकले जाते. कन्नडमध्ये मात्र केंद्रकासाठी ‘विदळन’ आणि जीवाणूसाठी ‘द्विविदळन’ असे एकाच धातूचे शब्द आहेत, आणि दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या बेळगावच्या विद्यार्थ्याला हा दुवा आपोआप सापडू शकतो. सीमाभागातील शिक्षकांनी ही सोय वापरावी, असे प्रस्तुत नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

विदळन म्हणजे दले वेगळी होणे. जात्यावर तूर भरडताना दाण्याची दोन सारखी दले पडतात, आणि सुरुवातीच्या प्रारूपाला केंद्रकाकडूनही तीच अपेक्षा होती. नील्स बोर आणि जॉन व्हीलर यांनी सप्टेंबर १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मांडणीत केंद्रक हा विद्युतभारित द्रवाचा थेंब मानला आहे. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो आणि प्रोटॉनांमधील प्रतिकर्षण त्याला ताणू पाहते. थेंब लांबट होऊन मधे कंबर पडेपर्यंत त्याला ऊर्जेचा एक चढ चढावा लागतो, आणि माथा ओलांडला की तो तुटतोच. हा चढ युरेनियमच्या बाबतीत सुमारे ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) एवढा आहे. युरेनियम-२३५ ने मंद न्यूट्रॉन शोषला की त्याला सुमारे ६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात आणि ते फुटते. युरेनियम-२३८ ला मात्र ४.८ च मिळतात, म्हणून ते मंद न्यूट्रॉनने फुटत नाही. निसर्गातील युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. एवढ्यावरच अणुभट्टी चालवायची तर न्यूट्रॉन वाया न घालवता मंद करावे लागतात, आणि त्यासाठी कैग्याच्या अणुभट्ट्यांमध्ये जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचे जड समस्थानिक असते) वापरले जाते. तेथे प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या असून पहिली ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चालली, हा त्या वेळी जागतिक विक्रम होता.

थेंबाचे प्रारूप एका ठिकाणी अडले. मंद न्यूट्रॉनने फुटलेल्या युरेनियम-२३५ ची दोन दले सारखी पडत नाहीत. एका तुकड्याचे वस्तुमान बहुधा ९५ च्या आसपास आणि दुसऱ्याचे १४० च्या आसपास असते, निम्मानिम्मी वाटणी क्वचितच होते. केंद्रकातील प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांमध्ये रचलेले असतात आणि भरलेल्या कवचांचे तुकडे अधिक स्थिर असतात, हे थेंबाच्या हिशेबात नव्हते. १९६७ मध्ये विलेन स्त्रुतिन्स्की यांनी कवचांचा परिणाम थेंबाच्या ऊर्जेत मिळवण्याची रीत दिली, तेव्हा एका चढाच्या जागी दोन चढ आणि मधे एक खोलगट जागा दिसू लागली. भारतात या प्रश्नावर मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन केंद्रात काम झाले. तुमकूरला जन्मलेले राजा रामण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या प्रारूपात तुटण्याच्या बेतात असलेल्या दोन तुकड्यांमध्ये न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांची यदृच्छेने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, देवाणघेवाण होत राहते आणि त्यातून अंतिम वाटणी ठरते.

यदृच्छेचा हा हिशेब जीवशास्त्राशी असलेला दुसरा आणि अधिक खोल दुवा आहे. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागातील सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना पाहिले. अशा थरथरणाऱ्या कणाला ऊर्जेचा चढ ओलांडायला किती वेळ लागेल, याचे समीकरण हेंड्रिक क्रामर्स यांनी १९४० मध्ये दिले. हेच समीकरण आज केंद्रक फुटण्याचा वेग काढताना वापरतात आणि प्रथिनाची साखळी घडी घालून आपला आकार घेते तो वेग काढतानाही वापरतात. माँटे कार्लो पद्धतीचा प्रवासही असाच आहे. स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६ मध्ये आजारपणातून बरे होताना एकट्याने पत्ते खेळताखेळता सुचले, की डाव जिंकण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव मांडून मोजणे सोपे आहे. जॉन फॉन नॉयमान यांच्यासह त्यांनी ही कल्पना विखंडनातील न्यूट्रॉनांच्या प्रवासाला लावली. आज कर्करोगाच्या किरणोपचारात फुप्फुस, हाड आणि गाठ यांना प्रत्येकी किती मात्रा पोहोचेल, हे लक्षावधी कणांचे असे ‘डाव’ संगणकावर खेळवून ठरवता येते.

रुग्णाला विखंडन प्रत्यक्ष भेटते ते समस्थानिकांच्या रूपाने. युरेनियम-२३५ च्या दर शंभर विखंडनांतून साधारण सहा वेळा मॉलिब्डेनम-९९ निर्माण होते. त्याचे अर्धायुष्य ६६ तास आहे आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-९९एम तयार होते, ज्याचे अर्धायुष्य केवळ ६ तास आहे. हाडे, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड यांच्या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे समस्थानिक हेच. मुंबईहून बेळगावपर्यंतच्या प्रवासात आणि पोहोचवण्यात बारा तास गेले असे धरले, तर तयार टेक्नेशियमचा एक चतुर्थांशच भाग उरेल. मॉलिब्डेनम मात्र सुमारे ८८ टक्के शिल्लक राहील. म्हणून रुग्णालयाला टेक्नेशियमऐवजी शिशाच्या जाड आवरणातली मॉलिब्डेनमची नळी पाठवतात. तिला जनरेटर म्हणतात. रोज सकाळी तिच्यातून सलाइन सोडले की टेक्नेशियम धुऊन बाहेर येते आणि मॉलिब्डेनम आत चिकटून राहते. या कामाला ‘दूध काढणे’ असेच म्हणतात, आणि एकदा धार काढली की कासेत दूध भरायला जसा वेळ द्यावा लागतो तसा इथेही द्यावा लागतो. सकाळी आठला भरलेल्या सिरिंजमधली क्रियाशीलता दुपारी दोनला निम्मी झालेली असते, त्यामुळे खेड्यातून येणाऱ्या रुग्णाची एसटी चुकली तर मात्रेचा हिशेब नव्याने करावा लागतो. विखंडनातून मॉलिब्डेनम मिळवणारा प्रकल्प तुर्भे येथे मे २०२३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला.

एक केंद्रक केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी केंद्रकांबद्दल अचूक सांगता येते. वैद्यकीय चाचणीचा पायाही हाच आहे, आणि बेळगाव जिल्ह्याने त्याचे उत्तम उदाहरण दिले आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव कोणत्या बाईला होईल हे आधी कळत नाही. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक यांनी २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बाळंतिणींवर चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात प्रसूती करणाऱ्या एएनएम आरोग्यसेविकांनी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाच्या एकूण ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळेल हे यदृच्छेने ठरले होते. औषध न मिळालेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना अतिरक्तस्राव झाला, मिळालेल्या गटात ६.४ टक्के. म्हणजे दर अठरा बाळंतिणींमागे एकीचा अतिरक्तस्राव टळला. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

या चाचणीचा खरा आधार एक साधी वस्तू होती. रक्त साड्यांत, गोणपाटात आणि जमिनीत मुरते, त्यामुळे नजरेचा अंदाज नेहमी कमी भरतो आणि कमी भरलेल्या अंदाजावर कोणतेही गणित उभे राहत नाही. बेळगावच्या संशोधकांनी बाळंतिणीच्या खाली अंथरण्याची प्लॅस्टिकची चादर वापरली. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी असून पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या होत्या. रक्त ५०० च्या खुणेला पोहोचले, की तो अतिरक्तस्राव हे सेविकेला कोणाला न विचारता दिसे. अशाच मोजखुणांच्या चादरी पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील दोन लाखांहून अधिक प्रसूतींच्या अभ्यासात वापरल्या गेल्या. रक्तस्राव लवकर ओळखून लगेच एकत्रित उपचार सुरू केल्याने गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे त्या अभ्यासात २०२३ मध्ये आढळले.