आठवा रकाना

इंजिनिअरिंग कॉलेजात एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) समिती यायची झाली की स्टाफरूममध्ये तक्त्यांची धांदल उडते. कुठल्या विषयाचा कुठल्या उद्दिष्टाशी किती संबंध, हे १, २, ३ असे आकडे टाकून दाखवायचं. वर्षानुवर्षं वापरात राहिलेल्या बारा उद्दिष्टांच्या यादीत आठवं होतं नैतिकतेचं. नववं गटात काम करण्याचं, प्रसंगी नेतृत्वाचं. थर्मोडायनॅमिक्ससमोर आठव्या रकान्यात काय भरायचं, हा नेहमीचा पेच असायचा.

या रकान्याचं मूळ शोधत गेलं की आपण एका पडलेल्या पुलापाशी पोचतो. कॅनडातला क्वेबेकचा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला. ७५ कामगार गेले. मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला होता, पण वाढलेल्या वजनाचं गणित वेळेत पुन्हा मांडलं नव्हतं. लोखंड वाकताना साइटवरच्यांना दिसत होतं. सल्लागार थिओडोर कूपर न्यूयॉर्कला, आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेलं जागेवर कुणीच नाही. आणखी भार टाकू नका, ही कूपरची तार गेली ती कारखान्याकडे, पुलावर नाही.

पुढे टोरांटोच्या प्राध्यापक हॉल्टेन यांच्या विनंतीवरून इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगने (हा जन्मला आपल्या जे. जे. स्कूलच्या आवारात) नव्या इंजिनिअरांसाठी शपथविधी लिहून दिला. १९२५पासून तिथले इंजिनिअर लिहित्या हाताच्या करंगळीत लोखंडी कडी घालू लागले. ती पडलेल्या पुलाच्याच लोखंडाची, ही आख्यायिका. पण ड्रॉइंगवर हात फिरला की कडी कागदाला घासते, हे खरं.

अमेरिकेतल्या वर्गांना मोठा धडा मिळाला चॅलेंजर या अंतराळयानाचा. २७ जानेवारी १९८६च्या रात्री इंजिनिअर सांगत होते, थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंग दगा देतील, उड्डाण नको. रॉकेट बनवणाऱ्या त्यांच्या कंपनीतल्या वरिष्ठाने त्यांच्या विभागप्रमुखाला सुनावलं: इंजिनिअरची टोपी काढ, मॅनेजरची घाल. त्याने घातली. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले. नैतिकता आणि नेतृत्व एकाच तासाला का शिकवायचं, याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही. विरोध करणाऱ्यांपैकी रॉजर बोइजोली नंतर कॉलेजांतून हेच सांगत फिरले.

नव्वदच्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या एबेट या मूल्यांकन संस्थेने नैतिकता आणि गटात काम करणं या दोन्ही गोष्टी निकषांत घेतल्या. २०१४ला भारत इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्याच वाटेने रकाने आपल्याकडे पक्के झाले. २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या शिखर संस्थेने नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचं इंडक्शन आणि ‘युनिव्हर्सल ह्यूमन व्हॅल्यूज’ घातलं. त्यात स्वतः, कुटुंब, समाज, निसर्ग यांतला सुसंवाद आहे. पूल नाही, टोपी नाही. पानशेतचं फुटलेलं धरणही नाही, १२ जुलै १९६१ला काय झालं, ते पुण्यातल्या मुलांना आजीकडून कळतं.