‘काही मुलांवर’ : टीव्हीतल्या हिंसेच्या वादामागचे दोन शब्द

टीव्हीवरची मारामारी पाहून मुलं हात उगारायला शिकतात का, या वादात दोन्ही बाजू एकाच अमेरिकी अहवालाचा दाखला देतात. तो जानेवारी १९७२ चा. मोठ्या माणसाला पाहून हवा भरलेल्या बाहुलीला ठोसे मारणाऱ्या मुलांचा प्रयोग त्याआधीचा, १९६१ चा. १९६३ मध्ये तोच पडद्यावर मारामारी दाखवून केला गेला. मुलांनी दोन्ही वेळा नक्कल केली. मार खाण्यासाठीच बनवलेल्या खेळण्याला मारणं ही हिंसा म्हणायची का, हा आक्षेपही तेव्हापासूनचाच.

मार्च १९६९ मध्ये एका सिनेटरने सरकारकडे या प्रश्नाचा छडा लावण्याची मागणी केली. दहा लाख डॉलर मंजूर झाले, बारा जणांची समिती ठरली. खरी गोम इथे आहे. समितीसाठी सुचलेली चाळीस नावं आधी टीव्ही कंपन्यांकडे पाठवली गेली आणि नको असलेली नावं खोडायची मुभा त्यांना दिली गेली. सात नावं खोडली गेली, त्यांत बाहुलीचा प्रयोग करणारे संशोधकही होते. एका कंपनीने मात्र हा अधिकार वापरायला नकार दिला, हे नोंदवायला हवं. निवडलेल्या बारांपैकी दोघे चक्क टीव्ही कंपन्यांचे नोकर होते. ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांनाच पंच निवडू देण्याचा हा निर्णय माझ्या मते अक्षम्य होता.

अशा समितीने एकमत साधलं ते शब्दांची कसरत करून. हिंसक कार्यक्रम आणि आक्रमक वागणं यांत कार्यकारणसंबंध असल्याच्या खुणा दिसतात, पण परिणाम होतो तो ‘काही मुलांवर’, म्हणजे मुळातच आक्रमकतेकडे कल असलेल्यांवर, आणि तोही काही परिस्थितींतच, असा निष्कर्ष १९७२ च्या त्या अहवालात निघाला. हा ‘कल’ फार घोटाळ्याचा. तो जन्मजात, घरातल्या मारझोडीतून आलेला, की वर्षानुवर्षं तीच दृश्यं पाहून तयार झालेला? तिसरी शक्यता खरी असेल, तर ज्या कलाच्या नावाखाली टीव्हीला सूट दिली, तो कलच टीव्हीचा परिणाम आहे. शिवाय मूठभर टक्के म्हटले तरी ती लाखो मुलं होतात. न्यूयॉर्कच्या एका बड्या दैनिकाने मात्र टीव्हीतली हिंसा मुलांना अपायकारक नाही, अशा अर्थाचा मथळा छापला. समितीसाठीच झालेल्या एका अभ्यासात, तिसरीत असताना हिंसक कार्यक्रम आवडणारे मुलगे दहा वर्षांनीही जास्त आक्रमक आढळले होते. मुलींमध्ये तसा संबंध दिसला नाही. मार्च १९७२ च्या सुनावणीत देशाच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याने, कृती करण्याइतका पुरावा आता आहे, असं स्पष्ट सांगितलं. तोवर मथळा घरोघरी पोचला होता.

पुढे अमेरिकेत १९७५ मध्ये संध्याकाळचा पहिला वेळ कुटुंबासाठी राखला गेला, १९७६ मध्ये न्यायालयाने ती व्यवस्था बेकायदा ठरवली. १९९६ च्या कायद्याने टीव्ही संचात पालकांना कार्यक्रम अडवता येईल अशी चिप सक्तीची केली. २०११ मध्ये व्हिडिओ गेमच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संशोधनात फार तर परस्परसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, असं म्हटलं. २०२० मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने गेमबद्दल आक्रमकता आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांत फरक केला: ओरडणं, ढकलणं यांच्याशी थोडा संबंध, खुनाखुनीशी जोडण्याइतका पुरावा नाही.

भारतातले १९९४ चे केबल नियम या शब्दच्छलात पडत नाहीत. मुलांसाठीच्या कार्यक्रमांत उघड हिंसेची दृश्यं नकोत, असं ते सांगतात. कुणाचा कल कसा आहे, हे विचारत नाहीत.