पाटीवर जिल्हा परिषद, चाव्या वेगवेगळ्या हातांत

मुंबई शहर आणि मुंबई उपनगर सोडले तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा परिषद आहे. अशा ३४ जिल्हा परिषदा मिळून सुमारे ६० हजार शाळा चालवतात. पट (शाळेत नोंदलेल्या मुलांची संख्या) घसरला, शिक्षक मिळाला नाही, पावसाळ्यात छत गळू लागले की गावकरी जिल्हा परिषदेला जाब विचारतात. पण शिक्षक निवडायचा कोणी, पगार द्यायचा कोणी, पाठ्यपुस्तक ठरवायचे कोणी आणि वर्गखोलीच्या दुरुस्तीला पैसे मंजूर करायचे कोणी, या चार प्रश्नांची उत्तरे चार निरनिराळ्या कार्यालयांत सापडतात. ही फाटाफूट कशी झाली, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा उपकर, वसूल होऊ लागला. त्यातला एक तृतीयांश शिक्षणाला आणि बाकीचा रस्त्यांसारख्या कामांना, अशी वाटणी होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनाचा रोख यावरच होता: पैसा रयतेच्या घामाचा आणि लाभ उच्च शिक्षण घेणाऱ्या मूठभरांना. निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनातला दुसरा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण कारभार सर्वस्वी त्यांच्यावर सोपवू नये, देखरेख शिक्षण खात्याची असावी, असे त्यांनी मांडले होते. खर्च कोणाचा आणि हुकूम कोणाचा, हा वाद इतका जुना आहे.

१८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे, म्हणजे स्थानिक कारभाराची मंडळे, आली. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकामुळे नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली. त्याच्या एक वर्ष आधी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा स्थानिक संस्थांच्या हाती दिल्या, आणि १९४७ च्या कायद्याने त्या पुन्हा सरकारच्या जवळ आणल्या. या दुसऱ्या कायद्याखालच्या जिल्हा स्कूल बोर्डात सभासद निवडलेले असत, प्रशासन अधिकारी मात्र सरकारी. आजच्या रचनेचा साचा इथेच पडला.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून स्कूल बोर्डांच्या शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. तिन्ही विभागांचा इतिहास मात्र वेगळा होता. पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डांची परंपरा होती, विदर्भात जनपद सभा या स्थानिक संस्था होत्या, आणि मराठवाड्यात निजामी राजवटीत बराचसा कारभार थेट सरकारचा होता. म्हणूनच मराठवाड्यात आजही जिल्हा परिषदेच्या 'प्रशाला', म्हणजे माध्यमिक शाळा, जागोजागी दिसतात. पश्चिम महाराष्ट्रात तो भार खासगी अनुदानित संस्थांनी उचलला. याचा परिणाम एका बारीक ठिकाणी जाणवतो. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी आणि हायस्कूल पाचवीपासून, अशी घडी बसली होती. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे गट केले. मग चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी जोडायची का, यावर दर वर्षी तंटा. पाचवीची सोय १ किलोमीटरच्या आत आणि आठवीची ३ किलोमीटरच्या आत नसेल तरच नवा वर्ग, अशी अट आली, आणि खासगी हायस्कूल जवळ असेल तर चौथी झालेले मूल तिकडे जाते.

कागदावरची साखळी सरळ आहे. वर मुख्य कार्यकारी अधिकारी, त्यांच्याखाली शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. निवडून आलेल्यांची बाजू शिक्षण समितीचे सभापती सांभाळतात. यात लक्षात ठेवायचे ते असे की मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी हे राज्याने पाठवलेले अधिकारी असतात, आणि शिक्षक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. १९९४ मध्ये शाळांचे गट पाडून ४,८६० केंद्रे तयार केली. केंद्रप्रमुखाने शाळेत बसून शिक्षकाला मदत करावी हा त्यामागचा हेतू. यातली बरीच पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, एकेकाकडे दोन-दोन केंद्रे आली, आणि माहिती गोळा करून वर पाठवणे हेच त्यांचे मुख्य काम होऊन बसले.

शिक्षकांवरचा ताबा जिल्ह्याकडून कसा गेला ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी भरती जिल्हा निवड मंडळ करत असे. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली: पहिली तीन वर्षे ठोक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकचे मानधन सुरुवातीला महिना ३,००० रुपये होते, ते २०२३ मध्ये १६,००० झाले. मे २०१२ मध्ये भरतीवर बंदी आली आणि ती बरीच वर्षे रेंगाळली. दरम्यान २०१३ पासून पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सुरू झाली. डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षक भरतीसाठी राज्यभराची अभियोग्यता चाचणी झाली आणि निवड राज्याच्या 'पवित्र' पोर्टलवर गेली. आता जिल्हा परिषद बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची नोंद) तपासून घेते, रिक्त जागा पोर्टलवर टाकते आणि जी यादी येईल तिला नेमणूक देते. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून वेळेत तपासून आली नाही तर त्या फेरीत जिल्ह्याच्या जागाच निघत नाहीत, आणि पुढची फेरी कधी हे कोणालाच सांगता येत नाही.

बदल्यांचेही तेच. २०१७ च्या शासन निर्णयापासून त्या संगणकावर होतात. या बदलाला शिक्षक संघटनांचा विरोध होता, पण त्याआधीचा 'वजन' आणि 'शिफारस' यांचा बाजार पाहता निर्णय योग्यच होता, असे आमचे मत आहे. (एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा: विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षकाला मत नसते. तो माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांचा. प्राथमिक शिक्षकांचे राजकीय बळ संघटना आणि शिक्षक पतसंस्था-बँकांतून येते.)

पैशाचा मोठा भाग पगाराचा. तो राज्य सरकार अनुदान म्हणून देते आणि 'शालार्थ' प्रणालीतून दरमहा काढला जातो. जिल्हा परिषद इथे केवळ वाट आहे. दुसरा प्रवाह समग्र शिक्षा अभियानाचा. २००१ चे सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिकची योजना एकत्र करून २०१८ मध्ये ते झाले. खर्चात केंद्र सरकारचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. तिसरा जिल्हा वार्षिक योजनेचा: नवी वर्गखोली, मोठी दुरुस्ती, संरक्षक भिंत. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, त्यामुळे गळक्या छताचा प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेत कितीही गाजला तरी सुटतो तो नियोजन समितीच्या यादीत नाव आले तर. चौथा स्वतःचा, उपकरांतून येणारा सेस फंड. तो सर्वांत लहान, आणि खऱ्या अर्थाने जिल्हा परिषदेचा म्हणावा असा तेवढाच.

शाळेच्या हाती प्रत्यक्ष काय पडते? संयुक्त शाळा अनुदानाचा दर पटावर ठरतो: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. २८ पटाच्या शाळेचा हिशेब करून पाहा. १०,००० मधून १,००० स्वच्छतेचे गेले, उरले ९,०००, म्हणजे महिन्याला ७५०. त्यात वीजबिल, खडू, रजिस्टर, झेरॉक्स, नळाची तोटी, तुटलेली कडी. पटावर तीन मुले वाढली की हीच रक्कम अडीच पट होते. खर्च मात्र तेवढाच असतो. लहान शाळांची वीज थकबाकीपायी तोडली जाते आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही-प्रोजेक्टर कपाटात जातो, त्याचे मूळ या आकड्यांत आहे. त्यातही रक्कम बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या शेवटी येते. २०२१ पासून केंद्रीय योजनांचा पैसा शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. फक्त खर्चाची मर्यादा मंजूर होते, आणि ३१ मार्चपर्यंत ती वापरली नाही की परत जाते. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये गरज असो वा नसो, मिळेल ते खरेदी.

शाळा व्यवस्थापन समितीला कायद्याने बरेच अधिकार आहेत: ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, शाळा विकास आराखडा त्यांनी करायचा. हे अधिकार किती चटकन काढून घेता येतात ते गणवेशाने दाखवले. वर्षाला एका मुलामागे ६०० रुपयांत दोन जोड, आणि खरेदी समिती गावाजवळच करत असे. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत राज्याने कापड एकत्र घेऊन शिलाई बचत गटांकडे दिली. २०२४ च्या शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश आले नाहीत. आले ते कुठे आखूड, कुठे ढगळ. लाखो मुलांची मापे ठरावीक साच्यात कापल्यावर दुसरे काय होणार? डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा समितीकडे आली.

पट हा या सगळ्याचा कणा. अनुदान, पोषण आहाराचा तांदूळ, शिक्षकांची पदे, सारे त्यावर. म्हणूनच तो फुगवण्याचा मोहही जुना. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून, आणि लाखो विद्यार्थी केवळ हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. त्यातूनच पुढे 'सरल' आणि यू-डायस या संगणकीय नोंदी आणि आधार जुळणी आली. आता संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे हे ठरवणे, आधारशी जुळलेल्या पटावर होते. नावातली एक वेलांटी किंवा जन्मतारीख जुळली नाही तर वर्गात बसलेले मूल हिशेबात धरले जात नाही, आणि तेवढ्याने एखादे पद जाऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, आणि १५० च्या वर मुख्याध्यापक. दोन शिक्षकी शाळेत म्हणूनच मुख्याध्यापकाचा कार्यभारही वर्गशिक्षकाच्याच गळ्यात असतो. तो बैठकीला गेला की पाचही वर्ग एकाकडे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयाने सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची नियमित पदेच अडचणीत आली, हा संघटनांचा आक्षेप आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, नमुना म्हणून पानशेत (पुणे) आणि तोरणमाळच्या (नंदुरबार) शाळांची नावे पुढे आली, आणि वाडी-तांड्यांवरच्या पालकांनी जोरदार विरोध केला. मुलांना बसने नेण्याची कल्पना नकाशावर ठीक दिसते. पावसाळ्यात ओढा आडवा आला की शाळा बुडते आणि मुलींची आधी.

पट घटण्यामागे जन्मदर आणि स्थलांतर आहेच. जोडीला इंग्रजी माध्यमाची ओढ आणि विनाअनुदानित खासगी शाळांना वाट देणारा २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा. जून २००० पासून पहिलीला इंग्रजी आली, पुढे सेमी-इंग्रजीही आले, तरी ओघ थांबला नाही. कोविडच्या काळात फी परवडेना म्हणून मुले परतली. परिस्थिती सुधारली तशी पुन्हा खासगीकडे वळली.

गुणवत्तेबद्दल बोलताना कोणती मोजपट्टी हे आधी पाहावे. केंद्राच्या कामगिरी प्रतवारी निर्देशांकात २०२०-२१ साठी महाराष्ट्राला १,००० पैकी ९२८ गुण मिळाले, केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने. पण त्या १,००० मध्ये प्रशासकीय प्रक्रियांना ३६० गुण होते आणि अध्ययन निष्पत्तीला १८०; तेही २०१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून. म्हणजे पोर्टल नीट भरणारे राज्य वर जाते. 'असर' हे 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचे सर्वेक्षण घरी जाऊन मुलाला दुसरीचा उतारा वाचायला देते. त्यात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातली वाचनक्षमता २०१८ नंतर २०२२ मध्ये घसरली आणि २०२४ मध्ये काहीशी सावरली. पाचवीच्या वर्गात हा उतारा न वाचता येणारी मुले अजूनही मोठ्या संख्येने आहेत. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शिक्षकांच्या प्रयोगावरून जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम सुरू झाला. मूळ प्रयोग शिक्षकांनी आपल्या गतीने केला होता. राज्यभर नेताना त्याचे उद्दिष्ट आणि तक्ते झाले, आणि 'शंभर टक्के प्रगत' शाळांच्या घोषणांचा पाऊस पडला.

बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. शिक्षण समितीच उरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. दरम्यान १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली: निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना सेवेत राहण्यापुरती सूट (पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा), बाकीच्यांना दोन वर्षे. २०१३ पूर्वी जिल्ह्याच्या निवड मंडळाने नेमलेले शिक्षक यात मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या सेवापुस्तकांची छाननी करून यादी करणे जिल्हा परिषदेचे काम. परीक्षा मात्र पुण्यातल्या राज्य परीक्षा परिषदेकडून होते.