अर्जांचा ढीग आणि तज्ज्ञांची वानवा : सरकारी भरतीची पार्श्वभूमी

लिपिकाच्या एका जागेसाठी अर्जांचा ढीग येतो आणि त्याच खात्यातली भूलतज्ज्ञाची, संख्याशास्त्रज्ञाची किंवा विद्युत अभियंत्याची जागा तीनदा जाहिरात देऊनही रिकामीच राहते. हे चित्र कुठल्या एका देशापुरतं नाही. ‘माणसंच मिळत नाहीत’ असं म्हणून चर्चा तिथेच संपते. ती का मिळत नाहीत हे समजायचं तर दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं, कारण भरतीची आजची यंत्रणा उभी राहिली ती वशिल्याला आळा घालण्यासाठी. तज्ज्ञ शोधणं हा तिचा मूळ हेतू कधी नव्हताच.

ईस्ट इंडिया कंपनीतल्या मुलकी नेमणुका संचालकांच्या मर्जीने होत. १८५३च्या सनदी कायद्याने ती पद्धत मोडली, १८५४मध्ये मेकॉले समितीचा अहवाल आला आणि १८५५मध्ये लंडनला पहिली स्पर्धा परीक्षा झाली. समितीच्या योजनेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. महसूल, पाटबंधारे, रस्ते यांबद्दल उमेदवाराला काय येतं हा प्रश्नच नव्हता. चांगलं शिकलेला, हुशार तरुण कुठलंही काम शिकून घेईल हे गृहीत होतं. ब्रिटनमधल्या सरकारी नोकऱ्यांसाठी नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांनी सरकारला दिलेल्या अहवालात त्याच सुमारास तशीच शिफारस केली. तिथे खुली स्पर्धा सर्वसाधारण नियम व्हायला १८७० उजाडलं. अमेरिकेत निवडून आलेला पक्ष आपली माणसं नेमत असे. १८८१मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, तेव्हा कुठे परीक्षेने भरती करणारा १८८३चा पेंडलटन कायदा झाला. सुरुवातीला तो संघराज्याच्या जेमतेम दहा टक्के नोकऱ्यांना लागू होता.

तज्ज्ञांसाठी मात्र दुसरं दार होतं. सरकार त्यांना स्वतःच घडवत असे. पूल आणि रस्ते बांधणाऱ्यांसाठी पॅरिसमध्ये १७४७ला शाळा निघाली. रुडकीचं कॉलेज १८४७चं, पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४चा. दोन्ही सार्वजनिक बांधकामाची गरज भागवायला निघाले. १८७२मध्ये इंग्लंडमधल्या कूपर्स हिलला भारतातल्या बांधकाम खात्यासाठी खास कॉलेज उघडलं, ते १९०६मध्ये बंद झालं. पुढे अशा बहुतेक संस्था सर्वांसाठी खुल्या झाल्या, खाजगी उद्योग वाढला आणि खातं व कॉलेज यांच्यातला थेट धागा तुटला. या बदलाची नोंद फारशी कोणी घेत नाही. माझ्या मते आजच्या टंचाईचं ते एक मोठं मूळ आहे.

आत आलेल्या तज्ज्ञाचं पुढे काय होतं, यावर ब्रिटनच्या मुलकी सेवेची पाहणी करणाऱ्या फुल्टन समितीने १९६८मध्ये बोट ठेवलं. शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांना पूर्ण जबाबदारी मिळत नाही आणि तिच्या जोडीचे अधिकारही मिळत नाहीत, असं समितीने स्पष्ट लिहिलं. अनेक सेवांमध्ये ते आजही खरं आहे. विशिष्ट श्रेणीच्या वर जायचं तर तांत्रिक काम सोडून फायलींकडे वळावं लागतं, म्हणजे बढती देताना खातं आपला एक तज्ज्ञ गमावतं.

यानंतर आला कपातीचा काळ. १९७९मध्ये ब्रिटिश मुलकी सेवेत सुमारे ७,३२,००० माणसं होती. नव्वदच्या दशकाअखेर हा आकडा पाच लाखांखाली गेला. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने २,७२,९०० पदं कमी करायचं ठरवलं आणि स्वेच्छेने जाणाऱ्याला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. अशा योजनेत आधी कोण उठतं? ज्याला बाहेर लगेच काम मिळतं तो. कुठलं कौशल्य राखायचं याचा हिशेब आधी न करता नुसती डोकी मोजली गेली. २००१मध्ये अमेरिकेच्या लेखापरीक्षण संस्थेने मनुष्यबळ हा विषयच सरकारच्या अतिजोखमीच्या यादीत घातला.

भरतीबंदीचं नुकसान कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. समजा, शंभर अभियंत्यांच्या खात्यात वर्षाला तिघे निवृत्त होतात. पाच वर्षं भरती बंद राहिली की पंधरा जागा रिकाम्या होतात. बंदी उठल्यावर पंधराही एकदम भरल्या, तर हजेरीपट भरलेला दिसतो. पण दहा वर्षांनी अकरा ते चौदा वर्षं अनुभवाचा माणूस हवा असतो, तेव्हा त्या टप्प्यावर कोणीच नसतं. खरं तर तेवढ्या अनुभवाची मंडळीच नवख्यांना हाताशी धरून शिकवतात, आराखडे तपासतात. ही फट कितीही जाहिराती देऊन भरत नाही, कारण प्रवेश बहुधा तळाच्या पायरीवरच मिळतो. शिवाय ते पंधरा जण पुढे साधारण एकाच वेळी निवृत्त होतात. त्यात अनेक ठिकाणी ठरावीक काळ रिकामं राहिलेलं पद आपोआप रद्द होतं आणि ते पुन्हा मंजूर करून घ्यायला वित्त विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

पगाराबद्दलही सरसकट बोलून चालत नाही. अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने २०११ ते २०१५ या वर्षांची तुलना केली. शालेय शिक्षणापर्यंतच थांबलेल्या संघराज्य कर्मचाऱ्याला खाजगी क्षेत्रातल्या तशाच माणसापेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त वेतन होतं. डॉक्टरेट किंवा व्यावसायिक पदवीवाल्याला २४ टक्के कमी. समान श्रेणीला समान वेतन या तत्त्वामुळे तळ उचलला जातो आणि माथा दबतो. अर्जांचा ढीग एका टोकाला आणि वानवा दुसऱ्या टोकाला का, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे. सिंगापूरने १९९४मध्ये मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार थेट खाजगी क्षेत्रातल्या कमाईशी जोडले, पण इतका राजकीय रोष पत्करायची तयारी फार थोड्या सरकारांची असते.

आता छाननी जवळून पाहू. अमेरिकेत बराच काळ गुणानुक्रमे पहिल्या तिघांतूनच निवड करण्याचा नियम होता. गुण जवळजवळ सारखे असले तरी चौथा बाद. २०१०मध्ये त्याऐवजी उमेदवारांचे पात्रतेनुसार गट पाडण्याची पद्धत सक्तीची झाली. पद भरायची गरज ठरल्यापासून माणूस रुजू होईपर्यंत ८० दिवसांचं लक्ष्य होतं. पण गट पाडायचे कशावरून? अनेक ठिकाणी उमेदवारालाच प्रश्नावली दिली जाते : हे काम तुम्हाला कितपत येतं? ‘मी यात निष्णात आहे, इतरांना शिकवतो’ या पर्यायावर खूण करणारा वरच्या गटात जातो. ‘देखरेखीखाली केलं आहे’ असं प्रामाणिकपणे सांगणारा गळतो. मग नेमणुकांचं काम पाहणारी आस्थापना शाखा परिचयपत्रातले शब्द जाहिरातीशी ताडून बघते, आणि जाहिरातीतली वाक्यं उतरवून काढणारा इथेही तरतो. यादी खात्याकडे पोहोचते, तिथला अभियंता ती पाहून म्हणतो, यातलं कोणीच नको. यादी परत, जाहिरात पुन्हा. एव्हाना खरा जाणकार दुसरीकडे रुजू झालेला असतो.

जागा भरत नाही म्हणून काम कंत्राटाने दिलं जातं, आणि मग कंत्राटदाराचं काम तपासणाराही आत उरत नाही. २०१३च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ सुरू झालं, त्या पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी झाली. काम अनेक कंत्राटदारांत वाटलेलं होतं आणि सगळे तुकडे जोडून पाहणारं सक्षम तांत्रिक नेतृत्व नव्हतं. एप्रिल २०२०मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल ही संगणकाची जुनी भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली; बेकारभत्त्याची प्रणाली १९५९च्या त्या भाषेवर चालत होती.

आरोग्याचं गणित वेगळं आहे, तिथे माणसं मुळातच कमी घडतात आणि घडलेली श्रीमंत देशांकडे जातात. २०३०पर्यंत जगात १.८ कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६चा अंदाज होता. नंतर तो खाली आणला गेला. परदेशी भरतीबाबतची संघटनेची २०१०ची संहिता ऐच्छिक आहे.

गेल्या काही वर्षांत दुरुस्त्या सुरू आहेत. २०१९मध्ये अमेरिकेत प्रयोग झाला, त्यात त्याच कामातल्या अनुभवी लोकांनी अर्ज वाचले आणि पात्र ठरवण्याआधी मुलाखती घेतल्या. आस्थापना शाखेकडे फक्त नियमांची बाजू ठेवली. याची किंमत म्हणजे त्या तज्ज्ञांचे कामाचे तास, आणि ते सोडायला खातं नाखूश असतं. मेरीलँडने २०२२मध्ये हजारो पदांवरची चार वर्षांच्या पदवीची अट काढली, पेनसिल्व्हेनियाने २०२३मध्ये ९२ टक्के पदांवरची. पण पदवीच्या जागी कामाची चाचणी आली नाही, तर छाननी करणारा सवयीने पदवीकडेच बघतो. एका खात्याची निवड यादी दुसऱ्याने वापरायची मुभा अमेरिकेत २०१६पासून आहे. ती उपयोगी पडते ती दोन्हीकडे पदाचं नाव, श्रेणी आणि कामाचं वर्णन जुळत असेल तरच, आणि ही वर्णनं प्रत्येक खात्याने आपापल्या सोयीने लिहिलेली असतात.